डावा गुडघा कधी वाकतो, कधी ताठ होतो: गोल्फ स्विंगमधल्या कमरेखालच्या हालचालीचा क्रम

रविवारी सकाळी कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, जा. एका मॅटवर कुणीतरी मित्राला सांगत असतो, "बॅकस्विंगला (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेताना) डावा गुडघा अजिबात हलू देऊ नकोस." दोन मॅट सोडून दुसरा सांगत असतो, "खाली येताना डावा गुडघा झटक्यात सरळ कर, बघ बॉल कसा जातो." आणि या दोघांचंही मनापासून ऐकणारा तिसरा एक असतो. त्याची बॉलची बादली संपते, पाठ धरते, बॉल मात्र उजवीकडच्या जाळीतच जात राहतात. तो तिसरा बरीच वर्षं मी होतो.

या सल्ल्यांचा पत्ता चुकलेला असतो. सूचना गुडघ्याला दिली जाते, ती द्यायला हवी तळपायाला आणि खुब्याला. गुडघा बिचारा या दोघांच्या मधे. बिजागरीसारखं वाकणं आणि सरळ होणं हे त्याचं काम, पीळ सोसायची ताकद त्याच्यात फार थोडी. तळपायावर दाब कुठे पडलाय आणि खुबा कुठे वळतोय, त्यानुसार तो आपली जागा घेतो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात काम पायाला किंवा खुब्याला दिलंय. गुडघा फक्त तपासून बघायचा.

सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

तयारी: बॉल मारण्याआधी

सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), फोन उभा ठेवायला काहीतरी, एक मोकळी भिंत आणि एक अ‍ॅलाइनमेंट स्टिक (दिशा तपासायची बारीक सरळ काठी), एवढं पुरे. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, पहिले दोन आठवडे बॅगेतच राहू द्या. तो हातात आला की माणूस क्रम विसरतो आणि ताकद लावायला लागतो.

आधी स्वतःच्या शरीराच्या दोन तपासण्या करा. निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच सापडतो.

पहिली खुब्याची. टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळतील असे बसा, गुडघे जुळवा. मांडी जागची न हलवता डावं पाऊल बाहेर, डावीकडे न्या. नडगी उभ्या रेषेपासून ३० ते ४० अंश कलली तर ठीक. २० च्या आसपासच अडकली तर खुबा आखडलेला आहे. फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे बॉल गेल्यावर, कंबर डाव्या मांडीवर फिरते, तेव्हा नेमकी हीच हालचाल लागते. खुब्यात ती नसेल तर शरीर ती गुडघ्याकडून नाहीतर पाठीकडून वसूल करतं. आपल्याकडे बऱ्याच जणांचा इथे गैरसमज होतो: "मी तासभर मांडी घालून बसतो, माझा खुबा मोकळाच आहे." मांडी घालताना मांडीचं हाड बाहेर वळतं, इथे ते आत वळायला हवं. दिशाच उलटी. पंगतीत आरामात बसणारे कितीतरी जण या चाचणीत नापास होतात.

दुसरी घोट्याची. भिंतीसमोर डावं पाऊल असं ठेवा की अंगठा भिंतीपासून चार इंचांवर, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरवर राहील. आता टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला नाही तर डाऊनस्विंगच्या (क्लब खाली येण्याच्या) सुरुवातीला लागणारी बैठक तुम्हाला नीट मिळणार नाही, टाच उचलली जाईल. पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम रोज करा. तोवर बैठक कमी ठेवा.

आता बूट. स्पाइक्स झिजलेले असतील तर आधी ते बदला. पाय घसरतो या भीतीने माणूस नकळत गुडघे आखडून उभा राहतो, मग कितीही सूचना द्या, काही उपयोग नाही. रबरी मॅटवर याच्या उलट होतं: बूट पकडून बसतो, पाऊल फिरत नाही, आणि पीळ सरळ गुडघ्यात जातो. पावसाळ्यात मुंबई-पुण्याकडचे खेळाडू मॅटवरच जास्त असतात. त्या दिवसांत स्पाइक्सऐवजी सपाट तळव्याचे बूट घाला.

शरीर तापवायला दहा मिनिटं द्या. भिंतीला हात टेकून एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवा, दहा अर्ध्या बैठका काढा, कंबर दोन्ही बाजूंना वळवा. गाडीतून उतरून थेट पहिला बॉल मारणाऱ्याने हा लेख इथेच मिटला तरी चालेल.

तपासणी: डाव्या गुडघ्याला सूज असेल, जिना उतरताना दुखत असेल किंवा तो मधेच अडकत असेल तर पुढचं काही सुरू करू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

टप्पा १: उभं राहणं

सेव्हन आयर्नसाठी दोन टाचांमधलं आतलं अंतर खांद्यांच्या रुंदीइतकं किंवा बोटभर कमी ठेवा. पायांखाली घड्याळ आहे आणि बॉलची दिशा १२ ची आहे असं समजा. उजवं पाऊल १२ वर. डावं ११ वर, म्हणजे २० ते ३० अंश बाहेर. जुना दिग्गज गोल्फपटू बेन होगन उजवं पाऊल सरळ आणि डावं काटकोनाच्या पाव भागाइतकं बाहेर ठेवायचा, ते याच हिशेबाने. पहिल्या चाचणीत खुबा आखडलेला निघाला असेल तर डावं पाऊल साडेदहावर न्यायला हरकत नाही. पाऊल आधीच बाहेर वळलेलं असलं की पुढे कंबर फिरायला खुब्यात जागा शिल्लक राहते.

इथे एक हमखास चूक होते. चवडा बाहेर वळवताना लोक पूर्ण पायच मागे घेतात, त्याबरोबर कंबर आणि खांदेही उघडतात. मग बॉल डावीकडे जायला लागतो आणि दोष पावलाला मिळतो. टाच जागेवर खिळलेली ठेवा, फक्त चवडा फिरवा. मग स्टिक आडवी धरून मांड्यांना लावा. ती टार्गेटच्या रेषेला समांतर हवी.

वाकताना आधी खुब्यातून वाका, गुडघे नंतर सैल सोडा. उलट केलं की खुर्चीवर बसल्यासारखं होतं आणि वजन टाचांवर जातं. गुडघ्याची वाटी बुटाच्या लेसच्या वर आली की पुरे. उभ्या-उभ्या बुटात बोटं हलवून पाहा. मग दोन्ही टाचा कागदाइतक्या उचलून पाहा. दोन्ही गोष्टी तोल न जाता जमल्या तर वजन मधोमध आहे.

टप्पा २: बॅकस्विंग, उजवा खिसा मागे

या टप्प्यात एकच सूचना लक्षात ठेवा: पॅन्टचा उजवा मागचा खिसा पाठीमागच्या भिंतीकडे न्या. डाव्या गुडघ्याला काही सांगू नका. उजवा खुबा मागे वळला की डावा गुडघा आपसूक थोडा जास्त वाकतो आणि उजवीकडे, आत येतो. स्विंगच्या माथ्यावर त्याची वाटी बॉलच्या थोडी उजवीकडे रोखलेली दिसते. उजवा गुडघा त्याच वेळी थोडा सरळ होतो, पण कुलूप लागल्यासारखा ताठ होत नाही. खांदे साधारण ९० अंश वळले तर कंबर त्याच्या निम्मी, ४५ अंशांच्या आसपास.

"डावा गुडघा हलवू नकोस" या सल्ल्याचं नुकसान इथे दिसतं. गुडघा खिळवला की कंबर वळत नाही. कंबर वळली नाही की खांदे अर्ध्यावर थांबतात. राहिलेली उंची माणूस हात उचलून भरून काढतो. चाळिशीनंतर तर हा सरळसरळ पाठदुखीचा रस्ता आहे.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच नेहमीची. गुडघा आत येण्याऐवजी समोर, बॉलकडे झुकतो, टाच वर जाते, डावा खांदा खाली पडतो आणि डोकं त्याच्यामागून. ओळखायची खूण सोपी आहे: माथ्यावर थांबा आणि नजर खाली करा. गुडघा डाव्या बुटाच्या टोकापुढे आलेला दिसला तर तो समोर गेलाय. बुटाच्या आतल्या कडेवरून उजवीकडे आलेला दिसला तर बरोबर.

डाव्या टाचेचं काय? दिग्गज गोल्फपटू जॅक निकलसची डावी टाच बॅकस्विंगला चांगली उचलली जायची आणि त्याचं काही बिघडलं नाही. ज्यांचा खुबा किंवा पाठ आखडलेली आहे त्यांनी टाच बोट-दोन बोटं वर जाऊ द्यावी. मात्र तुम्ही ती उचलू नका. कंबर पूर्ण वळल्यावर ती ओढली जाऊन उठते. आधीच उचलली की गुडघा पुन्हा समोर पळतो.

सूचना: उजवा गुडघा उजवीकडे, पायाच्या बाहेर सरकत असेल तर ते वळणं नव्हे, घसरणं आहे. दाब उजव्या तळपायाच्या आतल्या बाजूला आणि टाचेकडे जाणवला पाहिजे. बुटाची बाहेरची कड दाबली जात असेल तर मागे या, पुन्हा करा.

टप्पा ३: वळणाचा क्षण

हा लेख लिहायला घेतला तो या टप्प्यासाठी. बाकी कुठे थोडं कमी-जास्त झालं तरी निभावतं. इथे क्रम चुकला की पुढचं सगळं सावरासावर.

क्रम असा: क्लब अजून मागे जातोय, डावा हात जमिनीला समांतर होऊन वर निघालाय, त्याच वेळी दाब डाव्या पायाकडे यायला सुरुवात होते. म्हणजे वरचं शरीर अजून मागे चाललंय आणि खालचं पुढे निघालं. नवशिक्याला हे अशक्य वाटतं. पण दगड लांब फेकताना तुम्ही हेच करता: हात मागे असतानाच पुढचा पाय टेकतो. कुणी शिकवलेलं नसतं.

डाव्या तळपायाला सूचना द्या: जमिनीत रुत. टाच वर गेली असेल तर ती आधी टेकेल. डावा गुडघा टार्गेटकडे आणि किंचित बाहेर जाईल, आणि तो अजून वाकलेलाच असेल. उजवा गुडघा मात्र जागेवर. त्यामुळे क्षणभर दोन मांड्यांमधलं अंतर वाढतं आणि माणूस घोड्यावर मांड टाकून बसल्यासारखा दिसतो. जुन्या जमान्यातला गोल्फपटू सॅम स्नीड, त्याचे फोटो पाहिलेत तर ही बैठक स्वच्छ दिसते. पाठ या क्षणी अजून टार्गेटकडेच असते.

आता चूक नीट बघू. बहुतेकांना "कंबर आधी उघडायची" एवढं पाठ असतं. म्हणून ते माथ्यावरून निघतात तेच डावा गुडघा ताठ करत आणि कंबर गर्रकन फिरवत. डावा पाय ताठ झाला की दाब पुढे येऊच शकत नाही, तो उजव्या पायावर अडकतो. कंबरेबरोबर खांदे उघडतात, क्लब बाहेरून आत येतो, आणि बॉल उजवीकडे वळत जातो. स्लाइसवर हजार उपाय विकले जातात. त्यातले कितीतरी स्लाइस केवळ गुडघा क्षणभर लवकर सरळ झाल्याचे असतात.

हे अंगात बसवायला तीन सराव आहेत. याच क्रमाने करा.

पहिला घरी, क्लबशिवाय. हात छातीवर घडी घाला. लादीच्या फटीवर दोन्ही बुटांची टोकं लावली की टार्गेटची रेषा आयती मिळते. उजवा खिसा मागे, थांबा. मग छाती मागेच ठेवून फक्त डावा पाय दाबा आणि दोन-तीन बोटं खाली बसा. आरशात पाहा: गुडघा लेसच्या वर किंवा बुटाच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर आला, बाहेर पडला नाही, ना? रोज वीस वेळा. (हात घडी घालायला सांगतोय ते तंत्रासाठी, आणि छताच्या पंख्यासाठीसुद्धा.)

दुसरा रेंजवर, पाऊल टाकून. दोन्ही पाय जुळवून उभे राहा. क्लब मागे न्या, आणि तो मागे जात असतानाच डावं पाऊल टार्गेटकडे टाका. पाऊल टेकल्यावरच हात खाली. पहिले दहा बॉलशिवाय. पाऊल आणि हात एकाच वेळी निघाले तर मोजून करा: मागे, टेक, मार.

तिसरा थांबून. माथ्यावर पूर्ण एक सेकंद थांबा, डावा पाय दाबा, मग स्विंग सोडा. या सरावात बॉल लांब जाणार नाही. कुणी बघत असेल तर बघू दे.

तपासणी: फोन पट्ट्याच्या उंचीवर, तुमच्या छातीसमोर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. खाली येताना डावा हात जमिनीला समांतर होतो, ती फ्रेम थांबवा. तीन गोष्टी पाहा. डावा गुडघा वाकलेला आहे का? दोन गुडघ्यांमधली फट माथ्यापेक्षा मोठी आहे का? पट्ट्याचं बक्कल बॉलच्या समोर, फार तर किंचित डावीकडे आहे का? तिन्हीला होकार मिळाल्याशिवाय चौथ्या टप्प्यावर जाऊ नका. मी घाई केली होती, सहा महिन्यांनी परत इथेच आलो.

आणि बैठक म्हणजे बैठका नव्हेत. चार बोटांपेक्षा जास्त खाली गेलात तर डोकंही खाली येतं आणि क्लब बॉलच्या आधी माती खणतो.

टप्पा ४: डावा पाय सरळ

नागपंचमीला झाडाच्या झोक्यावर उभ्याने झोका चढवला असेल त्याला हा टप्पा समजावून सांगावा लागत नाही. झोका वर गेला की तुम्ही गुडघ्यात बसता आणि तो तळाकडे येताना उठून उभे राहता. त्या उठण्याने झोका चढतो. वर असतानाच उठलात तर काही मिळत नाही, तळ ओलांडल्यावर उठलात तरी नाही. गोल्फमध्ये क्लब हा झोका. तो खाली येत असताना तुम्ही डाव्या पायाने जमीन ढकलून वर उठता आणि क्लबचं टोक वेगाने सुटतं.

सूचना पुन्हा एकच, आणि तीही खिशाची: डावा मागचा खिसा मागच्या भिंतीकडे. डावा खुबा मागे गेला की गुडघा त्याच्यामागे बॉलपासून दूर, टाचेकडे जातो आणि सरळ होतो. दाब डाव्या चवड्यावरून टाचेकडे सरकल्याचं स्पष्ट कळतं. इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागतो त्या क्षणी, बहुतेक चांगल्या खेळाडूंच्या गुडघ्यात थोडा बाक उरलेला असतो. तो पूर्ण सरळ होतो बॉल गेल्यानंतर.

वेळ कुठली? हात छातीच्या उंचीवरून खाली यायला लागले की ढकलायला सुरुवात. "बॉलला लागताना सरळ कर" असं ठरवलंत तर मेंदूकडून निरोप पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो.

भिंतीचा सराव करा. भिंतीकडे पाठ करून, पार्श्वभाग जेमतेम टेकेल असे उभे राहा आणि हात छातीवर घ्या. मागे वळताना उजवा कुल्ला भिंतीला घासतो. बैठकीच्या क्षणी दोन्ही टेकतात. उठताना उजवा सुटतो आणि डावा भिंतीवर दाबला जातो. उठताना दोन्ही कुल्ले भिंतीपासून सुटले तर तुम्ही कंबर बॉलकडे ढकलताय. हातांना जागा उरत नाही, मग बॉल क्लबच्या मानेला लागून आडवा उडतो किंवा नुसता खरवडला जातो. यात गुन्हेगार बहुतेक वेळा उजवा गुडघा असतो, तो डाव्याकडे जाण्याऐवजी समोर बॉलकडे धावतो.

क्रिकेटमधून आलेल्यांना एक वेगळंच दुखणं असतं. कव्हर ड्राइव्ह मारताना पुढचा पाय टाकायचा, गुडघा वाकवायचा आणि त्याच्यावर झुकायचं, हे वीस वर्षं अंगात मुरलेलं. गोल्फमध्ये तोच गुडघा वाकलेला राहतो आणि टार्गेटकडे सरकत पावलाच्याही पुढे जातो. कंबर वळायची थांबते, हात एकटेच पुढे येतात. बॉल उजवीकडे सरळ सुटतो, नाहीतर मनगटं वेळेवर वळली की जोरात हूक होतो, म्हणजे डावीकडे वळतो. यावर उपाय: डाव्या पावलाच्या बाहेर, खुब्यापासून चार बोटांवर स्टिक जमिनीत उभी रोवा. बैठकीत खुबा तिला हलकासा लागला तर चालेल. उठताना मात्र खुबा तिच्यापासून मागे सुटला पाहिजे. स्टिक वाकवून पुढे गेलात की समजा कव्हर ड्राइव्ह झाला. (मॅटवर स्टिक रोवता येत नाही, तिथे बॅग उभी करा.)

सूचना: गुडघा झटक्याने कुलूप लावल्यासारखा ताठ करू नका. टायगर वुड्सने २००८ मध्ये टोरी पाइन्सला यूएस ओपन जिंकलं ते डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं आणि नडगीला दोन बारीक फ्रॅक्चर अशा अवस्थेत, ९१ होल खेळून. त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया झाली आणि उरलेला मोसम घरी गेला. सगळा दोष स्विंगचा म्हणता येत नाही, पण त्या गुडघ्यावर पडणारा भार किती असतो याची कल्पना यावी म्हणून सांगितलं. आपण त्याच्यासारखा बॉल मारत नाही. त्याच्यासारखा गुडघाही झटकायची गरज नाही.

टप्पा ५: शेवट धरून ठेवणं

स्विंग संपल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत तसेच उभे राहा. सगळं वजन डाव्या टाचेवर, उजवा बूट फक्त टोकावर, दोन गुडघे जवळ, बक्कल टार्गेटकडे. डावा पाय सरळ. उजवा पाय उचलून पाहा. सहज उचलला तर दाब पुढे आलाय. उचलताना मागे पडलात तर टप्पा ३ परत.

डाव्या पावलाची आतली कड थोडी सुटली किंवा चवडा दोन-चार अंश बाहेर फिरला तर घाबरू नका. कंबर पुढे फिरतेय आणि पाऊल खिळलंय अशी ओढाताण झाली की भार गुडघ्यावर येतो. पाऊल थोडं फिरलं की तो हलका होतो.

दोन आठवड्यांचं वेळापत्रक

पहिले चार दिवस घरीच: टप्पा १ आणि २, लादीचा सराव, भिंतीचा सराव, मिळून पंधरा मिनिटं. पाचव्या दिवशी रेंज. बादलीत साठ बॉल असतील तर पहिले वीस कमरेपर्यंतच्या छोट्या स्विंगने मारा. वीस पाऊल टाकून. वीस तीन-चतुर्थांश स्विंगने, प्रत्येकी तीन आकडे शेवट धरून. पूर्ण ताकद एकाही बॉलला नाही. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या वीसपैकी दहा पूर्ण स्विंगने मारा.

एका बॉलला एकच सूचना. "खिसा मागे, पाय दाब, खिसा मागे, शेवट धर" असं सगळं एका स्विंगमध्ये कोंबू नका. स्विंग दीड-दोन सेकंदांत संपतो, तुमचं वाक्य तेवढ्यात संपत नाही.

बॉल काय सांगतो

व्हिडिओ नसेल तेव्हा बॉल आणि डिव्हॉट (क्लबने जमिनीत पाडलेला खड्डा) वाचा. माती आधी, बॉल नंतर असं होत असेल तर दाब उजव्या पायावर राहिलाय, किंवा बैठक फार खोल आहे. बॉल डावीकडे निघून सरळ गेला किंवा उजवीकडे वळला, डिव्हॉटही डावीकडे रोखलेला, तर डावा गुडघा लवकर सरळ झाला. उजवीकडे निघून हूक झाला तर कंबर वळण्याऐवजी टार्गेटकडे सरकतेय. बॉलच्या डोक्यावर किंवा क्लबच्या मानेला लागत असेल तर कंबर बॉलकडे जातेय. चांगल्या आयर्न शॉटचा डिव्हॉट बॉल होता त्या जागेच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला सुरू होतो. एक-दोन बॉलवरून निकाल काढू नका. दहा मारा, सहा-सात एकसारखे गेले तरच ते लक्षण.

क्लब बदलला की

ड्रायव्हरला पाय थोडे रुंद ठेवा, बॉल डाव्या टाचेच्या रेषेत. क्रम तोच. फक्त उठणं जास्त जाणवतं, कारण क्लब बॉलला वर जाताना लागायला हवा. वेजच्या (जवळच्या अंतराच्या क्लबच्या) अर्ध्या शॉटला बैठक जवळजवळ नाहीच, आणि ग्रीनजवळच्या चिपला (होलभोवतीच्या बारीक गवताकडे मारायच्या छोट्या शॉटला) तर वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर ठेवून गुडघे शांत राहू द्या. तिथे हे सगळं तंत्र काढलंत तर चिपचं भजं होईल.

ज्यांचे गुडघे जुने झालेत त्यांनी डावं पाऊल अधिक बाहेर वळवावं, टाच उठू द्यावी, पाय थोडे जवळ ठेवावेत आणि शेवटी पाऊल फिरू द्यावं. अंतर दहा-पंधरा यार्डांनी कमी पडलं तर एक क्लब मोठा घ्या. सरावानंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर तो आठवडा पटिंगला द्या.

पंधराव्या दिवशी फोन त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून पुन्हा चित्रीकरण करा आणि पहिल्या दिवसाची फ्रेम शेजारी लावा: डावा हात समांतर, आणि इम्पॅक्ट, या दोनच. दोन्हीकडे गुडघा बरोबर जागी दिसतोय आणि बॉल तरीही उजवीकडेच वळतोय, असं झालं तर गुडघ्याला सोडा आणि ग्रिप तपासा. क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उघडा (उजवीकडे रोखलेला) राहतोय.